रंकाळ्यानं काय घोडं मारलं?

१९८६ साली मी आठवीत होतो. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात आम्ही पोरांनी एक युक्ती बसवली होती: वाक्य तयार झालं की त्यावर 'अ', 'अॅन', 'द' मिठासारखं भुरभुरायचं. लागलं तर लागलं.

ही सवय मोडली ती आमच्या इंग्रजीच्या सरांनी. स्मरणिकेत नाव छापलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून नुसतं 'सर'.

सुरुवात झाली ती एका निबंधापासून. रविवार कसा घालवला यावर एका मित्रानं लिहिलं होतं, 'आय एट अ चिकन.' घरी तांबडा-पांढरा झालेला, बाकी काही नाही. सरांनी वही वर धरली आणि विचारलं, "अख्खी कोंबडी? एकट्यानं? पिसं तरी काढलीस का?" वर्ग लोळला. मग सर फळ्याकडे वळले. 'अ चिकन' म्हणजे मोजता येणारी एक कोंबडी. नुसतं 'चिकन' म्हणजे ताटात वाढलेलं, जे मोजत नाहीत ते. नाम तेच, पुढचं एक अक्षर काढलं की जिवंत पक्ष्याचं कालवण होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मनानंच आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेलं. समोर म्हैस उभी, गवळी धार काढतोय, पेल्यावर फेस. म्हैस मोजता येते, म्हणून पहिल्यांदा दिसली की 'अ बफेलो'. तिच्याबद्दल पुढं बोलायचं तर 'द बफेलो', कारण आता ऐकणाऱ्यालाही कुठली ते ठाऊक आहे. दूध मोजता येत नाही, त्यामुळं 'अ मिल्क' नाही. 'सम मिल्क' म्हणा, नाहीतर 'अ ग्लास ऑफ मिल्क'. आणि तो पेला हातात आला की 'द मिल्क इज वॉर्म'. सर म्हणाले, "एकवचनी, मोजता येणारं नाम इंग्रजीत उघडंबोडकं हिंडत नाही. डोक्यावर 'अ' असेल, 'द' असेल, 'माय', 'दॅट', 'एव्हरी', काहीही असेल, पण पाहिजे." या टोप्यांना डिटर्मिनर म्हणतात हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर आम्ही प्रत्येक नामाला तीन प्रश्न विचारत होतो: कुठलं? कुणाचं? किती?

आपल्याला हे जड का जातं तेही त्यांनीच दाखवलं. 'पुस्तक आण' म्हटलं की मराठी माणूस कुठलं ते ओळखून आणतो. इंग्रजीत ते ओळखायचं काम ऐकणाऱ्यावर टाकत नाहीत. तसं 'एक राजा होता' मध्ये आपलाही 'अ' लपलेला आहेच, पण आपण तो गोष्टीपुरता काढतो आणि परत ठेवून देतो.

माझी स्वतःची खोड वेगळी होती. 'हा माझा भाऊ हुशार आहे' हे मी 'धिस माय ब्रदर इज क्लेव्हर' असं लिहायचो. सरांनी केएमटीची बस काढली. "गाडीत कंडक्टर किती?" एक. 'धिस' कंडक्टर, 'माय' पण कंडक्टर, 'द' पण. एका नामाच्या गाडीत दोघं चालत नाहीत. दुसऱ्याला यायचंच असेल तर त्यानं मागच्या दारानं यायचं: 'धिस ब्रदर ऑफ माइन'. 'ऑल', 'बोथ', 'हाफ' यांना मात्र पुढं ड्रायव्हरजवळ बसायची मुभा. म्हणून 'बोथ माय ब्रदर्स' चालतं, 'माय बोथ ब्रदर्स' नाही. आजही मागच्या दारानं बसमध्ये चढताना मला 'ऑफ माइन' आठवतं.

'अॅन' ला त्यांनी फार वेळ दिला नाही. "डोळ्यानं नाही, कानानं," एवढंच. म्हणून 'अॅन अवर', 'अॅन एमएलए', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

खरी गंमत झाली ती जागांच्या नावांवरून. नदीला 'द' लागतो, म्हणून 'द पंचगंगा'. डोंगररांगेला लागतो, 'द सह्याद्रीज'. तळ्याच्या नावाला नाही, नुसतं 'रंकाळा लेक'. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, रंकाळ्यानं काय घोडं मारलं?" सर हसले. "ते इंग्रजांना विचार. मी पण पाठच केलंय." मास्तरनं असं कबूल करणं आम्हाला नवीन होतं. पण लगेच त्यांनी दुसरं वाक्य लिहिलं: 'द कोल्हापूर ऑफ शाहू महाराज'. शहराला एरवी 'द' नसतो. इथं आला, कारण कोल्हापुरं अनेक झाली आणि त्यातलं एक आपण बोटानं दाखवलं. मला वाटतं, व्याकरण आवडायला लागलं ते त्या क्षणी.

इतकं शिकूनही मी फसलो. पुढं शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला लागलो. परदेशी गिऱ्हाइकाचा माल निघायचा होता आणि काही नगांना बारीक तडे दिसले. मी कळवलं, 'फ्यू कास्टिंग्ज हॅव क्रॅक्स.' मला म्हणायचं होतं, काही नगांना तडे आहेत, काय करू? 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. 'काही' साठी 'अ फ्यू' लागतं. तिकडून उत्तर आलं, उत्तम, पाठवा. मी पाठवला. पेट्या उघडल्यावर काय झालं ते इथं लिहीत नाही, पगारवाढ मात्र त्या वर्षी हुकली.

सर तेव्हा निवृत्त होऊन मंगळवार पेठेत राहायचे. पत्राची प्रत घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं, 'फ्यू' च्या आधी सवयीनं 'अ' लिहिला. मग थांबले.

"तडे किती नगांना होते?"

"एकतीस, सर."

त्यांनी 'अ' पण खोडला आणि 'फ्यू' पण. "मग आकडा लिहायचास की लेका. तो पण डिटर्मिनरच."