ढग येतात, पण थांबत नाहीत

आज सकाळपासून ठाण्यात धो धो पाऊस. येऊरचा डोंगर दिसेना, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच. तेवढ्यात दुष्काळी माणदेशातल्या म्हसवडहून मामांचा फोन. "ढग रोज येत्यात गं, पण थांबत न्हाईत." पोटात तुटलं.

रात्री लेकीला नकाशावर हेच दाखवलं. समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. पलीकडे उतरताना तीच हवा किलोमीटरमागे सुमारे 10 अंशांनी तापते, उरलेसुरले ढगही विरतात. म्हणून महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर आणि माणदेशात जेमतेम 500.

मग तिचं बोट लेहवर गेलं. "इथे तर बर्फाचे डोंगर आहेत ना, मग वाळवंट कसं?"

दक्षिणेला हिमालय, उत्तरेला काराकोरम. मोसमी वाऱ्यांचं पाणी हिमालयच काढून घेतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढगही आधीच्या रांगांवर बर्फ टाकून येतात. मधल्या खोऱ्याच्या वाट्याला वर्षभरात 100 मिलिमीटरच्या आसपास. आमच्या ठाण्यात एवढा कधी कधी एका दिवसात पडतो. ती बराच वेळ गप्प होती.

आत्ताही खिडकीबाहेर पागोळ्या गळतायत. सकाळी मामांना पुन्हा फोन करते.