किडनीतला व्रण आणि आपल्याच पेशी

किडनी खराब होते म्हणजे नेमकं काय होतं हे परवा लॅबमधल्या मैत्रिणीला समजावत होते, तर ती म्हणाली लिहून टाक, म्हणून लिहितेय. बायोप्सीच्या काचेवर मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग टाकला की कोलॅजेन, म्हणजे व्रण ज्याचा बनतो ते चिवट प्रथिन, निळं दिसतं. निरोगी किडनीत लघवी तयार करणाऱ्या बारीक नळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, आजारी किडनीत मधेमधे निळे पट्टे आणि आत सुकलेल्या, आक्रसलेल्या नळ्या.

आता गंमत बघा, हे निळं प्रकरण वाढवण्यात आपल्याच मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हात. इजा झाली की त्या धावत येतात, आधी मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, मग दुरुस्तीच्या मोडमध्ये जातात आणि टीजीएफ-बीटा नावाचं, इतर पेशींना दुरुस्तीचा निरोप देणारं प्रथिन सोडतात. इजा थांबली तर ठीक, पण शुगर किंवा बीपी वर्षानुवर्षं चढलेलंच राहिलं तर दुरुस्ती संपतच नाही, फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी, मायोफायब्रोब्लास्ट या जास्त जोमाच्या रूपात जाऊन कोलॅजेन ओततच राहतात. मग टीजीएफ-बीटाच बंद करा ना? तसं सोपं नाही हो, सूज आवरायचं कामही तेच करतं!