चार ठिपके, दोन ठिपके

‘सैनिकी वेशात युद्धातल्या गाड्या फिरवणाऱ्या लोकांमध्ये तुम्ही अख्खा दिवस घालवता. हे युद्धाचं कौतुक नाही का?’ हा प्रश्न मला बरेचदा ऐकावा लागतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून मागच्या खेपेचा दिवस सांगते.

मी जाते त्या संग्रहालयात वस्तू काचेआड नसतात. त्या काळाचे कपडे घातलेली माणसं त्या वापरून दाखवतात. त्या दिवशी दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्या होत्या. मी पोचले तेव्हा विलीज कंपनीची एक जीप काही केल्या सुरू होत नव्हती. मालकांनी बॅटरीची टोकं घासली, पायाने स्टार्टर दाबला, तेव्हा कुठे इंजिन खोकत खोकत लागलं.

‘हिची तोफ कुठेय?’ एका मुलाने विचारलं.

‘हिला तोफ नव्हती. हिच्यावर स्ट्रेचर बांधून जखमींना न्यायचे,’ ते म्हणाले आणि बंपरवर उभ्या असलेल्या लोखंडी अँगलकडे बोट दाखवलं. ‘हा कशाला असेल, सांग.’

उन्हात काच चमकून शत्रूला दिसू नये म्हणून ड्रायव्हर पुढची काच आडवी पाडून गाडी हाकायचे. रस्त्यावर आडवी तार ताणलेली असली, तर ती थेट गळ्याशी. ती आधी या अँगलला लागून तुटावी, एवढ्यासाठी तो. मुलाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला.

मग मीही ड्रायव्हरच्या जागी बसून पाहिलं. दार नाही, पातळशी गादी आणि तिच्या खालीच पेट्रोलची टाकी. विलीज आणि फोर्डने मिळून अशा ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. तेवढ्या सीटवर कोण कोण बसलं असेल, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

पलीकडे जीएमसी या अमेरिकन कंपनीचा अडीच टनी ट्रक होता. तो चालवणाऱ्या बाईंनी इंजिनाच्या आधी माणसांचं सांगितलं, हे मला फार आवडलं. १९४४च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधून पुढे गेलेल्या सैन्याला इंधन आणि दारूगोळा पोचवायला अशा ट्रकांची रांग रात्रंदिवस धावत होती. ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ म्हणायचे तिला. तिचे जवळपास तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय अमेरिकन होते, आणि त्यांचं सैन्य त्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवत होतं.

नुसता गणवेश मिरवणारेही तिथे भेटतात. तेव्हा तुमचा प्रश्न मला पटतो. पण या दोघांसारखे लोक पत्र्यामागचा माणूस दाखवतात. त्यांच्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

संध्याकाळी बाईंनी ट्रक शेडमध्ये घेतला, दरवाजे लावले आणि मागचे ब्लॅकआउट दिवे लावले. विमानातून दिसू नयेत म्हणून त्या दिव्यांना फक्त बारीक फटी असतात. मागच्या ड्रायव्हरने त्यांच्यावरूनच अंतर ओळखायचं : चार ठिपके दिसले तर फार जवळ, दोन दिसले तर बरोबर, एकच दिसला तर मागे पडलास. झोप आवरत, अख्खी रात्र, एवढ्याच खुणेवर.

मी ट्रकला खेटून उभी राहिले. चार. भिंतीला हात लावून एकेक पाऊल मागे सरकत गेले. बराच वेळ चारच. शेडच्या पार टोकाला गेल्यावर ते जोडी-जोडीने मिसळले आणि दोन झाले. तिथेच मी थांबले.