एनोदेनच्या १५ स्टेशनांची १५ गाणी

जपानमध्ये एक असा रेल्वेमार्ग आहे, ज्याच्या प्रत्येक स्टेशनाच्या नावे एक रॉक गाणं आहे. मार्गाचं नाव एनोदेन. टोकियोच्या दक्षिणेला, समुद्रकाठाने फुजिसावाहून कामाकुराला जाणारा, १० किलोमीटरचा, एकेरी रुळांचा. गाणी एशियन कुंग-फू जनरेशनची. चाहते त्यांना लाडाने आजिकान म्हणतात, मीही तेच म्हणते. टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे गेले होते, तेव्हा आम्ही दोघींनी ही गाणी त्यांच्या त्यांच्या स्टेशनावर उतरून ऐकली.

आजिकान हा १९९६ साली योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठात, संगीत मंडळातल्या मुलांनी सुरू केलेला बँड. गाणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा गोतो मासाफुमी, गिटारवर किता केन्सुके, बेसवर यामादा ताकाहिरो आणि ड्रम्सवर इजिची कियोशी. आजही हेच चौघं आहेत. माझ्या वयाच्या लोकांना ते 'नारुतो' या ॲनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेमुळे, भेटले. त्या मालिकेचं दुसरं शीर्षकगीत 'हारुका कानाता' यांचं. मग 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं 'रीराइट', 'ब्लीच'चं 'आफ्टर डार्क'. गोतोचा आवाज कडव्यात बोलल्यासारखा चालतो आणि ध्रुवपदाला आला की फाटेपर्यंत ताणला जातो. कॉलेजच्या वयात तो आवाज कानात बसला की निघत नाही.

माझी बहीण माझ्याहून बरीच लहान. तिला हाच बँड २०२२ च्या 'बोच्ची द रॉक' या ॲनिमेतून मिळाला. त्यातल्या बँडमधल्या चार मुलींची आडनावं गोतो, किता, यामादा, इजिची अशी आहेत, आणि बहुतेक भागांची नावं आजिकानच्या गाण्यांवरून घेतलेली. "ताई, मी आधी कार्टून बघितलं आणि मग मला कळलं की ही माणसं खरी आहेत," असं ती म्हणाली. एकाच बँडशी आमची ओळख अशी दोन वेगळ्या दारांतून झाली.

आता मूळ विषय. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी 'सर्फ बुंगाकू कामाकुरा' हा अल्बम काढला. १० गाणी, १० स्टेशनं, आणि क्रम गाडीचाच. 'फुजिसावा लूझर'ने सुरुवात, 'कामाकुरा गुडबाय'ने शेवट. चौघांनी एकत्र वाजवलेलं, सरळ, झपाट्याचं, गिटारनं भरलेलं संगीत. पण मार्गावर स्टेशनं १५ आहेत. पाच राहून गेली होती: इशिगामी, यानागिकोजी, शोनान-काइगान-कोएन, कामाकुराकोको-माए आणि वादाझुका. कुणी मुद्दाम उतरावं असं यांतल्या बहुतेकांत काही नाही. २०२३ च्या जुलैपर्यंत बँडने त्या पाचांचीही गाणी केली, जुनी दहा नव्याने वाजवली आणि अल्बम पुरा केला. तोवर गोतो सेहेचाळिशीत होता. मला या बँडबद्दल जे प्रेम आहे, त्याचं अर्धं कारण हेच आहे. तिशीच्या सुरुवातीला सुटलेली स्टेशनं पंधरा वर्षांनी आठवणीने घ्यायला परत जाणं, आणि तेही त्याच दमाने. नवी पाच गाणी ऐकताना ती कोणत्या वयात लिहिली ते ओळखू येत नाही.

टोकियोतल्या शिंजुकूहून ओदाक्यू रेल्वेच्या गाडीने फुजिसावाला साधारण तासाभरात पोचलो. एनोदेनचा फलाट एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे, रूळ तिथेच संपतात. हिरव्या-पिवळट रंगाची बुटकी गाडी उभी होती. दिवसभर कुठेही चढता-उतरता येईल असा पास काढला आणि 'फुजिसावा लूझर' लावलं. सकाळची वेळ, ऑफिसला निघालेली माणसं, शाळेच्या गणवेशातली मुलं. पर्यटनस्थळाचं गाणं म्हणून हे ऐकायला गेलं तर फसगत होते. इथे उभं राहिल्यावर कळतं की त्याचा वेग रोज गाडी पकडणाऱ्या माणसाच्या पायांचा आहे.

इशिगामी आणि यानागिकोजी ही दोन्ही एका फलाटाची स्टेशनं. यानागिकोजीला आम्ही उतरलो. समोर घरांच्या मागच्या बाजू, कुंपणं, वाळत घातलेल्या गाद्या. गाडी गेल्यावर आमच्याखेरीज फलाटावर कुणी नव्हतं. 'यानागिकोजी पॅरलल युनिव्हर्स'ची एक गंमत आहे. याच चालीवर त्यांचं आणखी एक गाणं आहे, त्यात क्योतोचं देमाचीयानागी स्टेशन येतं. एकच चाल, दोन गावं, शब्द वेगळे. बहिणीने दोन्ही लागोपाठ लावली. क्योतोच्या गाण्याला ॲनिमेशनपटाची साथ आहे, ते जास्त लोकांना माहीत आहे. पण त्या रिकाम्या फलाटावर मला यानागिकोजीचंच सरस वाटलं.

शोनान-काइगान-कोएनचं गाणं 'निशिकाता कोस्ट स्टोरी' या नावाने आहे, कारण स्टेशनाचं जुनं नाव निशिकाता. गाण्यात जुनं नाव ठेवलं हे मला फार आवडलं. गावातली म्हातारी माणसं असंच बोलतात.

एनोशिमाला बहीण थांबायलाच तयार नव्हती, तिला एस्कार गाठायचं होतं. एस्कार म्हणजे एनोशिमा बेटाच्या टेकडीवर नेणारे सरकते जिने. १९५९ पासून चालू आहेत, तिकीट लागतं, आणि फक्त वर जातात. खाली पायऱ्या उतरूनच यायचं. 'बोच्ची द रॉक'च्या नवव्या भागाचं नाव 'एनोशिमा एस्कार'च आहे आणि त्या मुली इथेच येतात. जिन्यावर पुढे उभ्या असलेल्या शाळकरी पोरींच्या पिशवीला त्याच मालिकेचे बिल्ले लटकत होते. बहिणीने आपल्या पिशवीवरचा बिल्ला त्यांना दाखवला, दोन्हीकडून किंचाळणं झालं. भाषा लागलीच नाही.

एनोशिमा ते कोशिगोए हा टप्पा मी कुणालाही उभ्याने, ड्रायव्हरच्या मागच्या काचेतून बघायला सांगेन. गाडी सरळ रस्त्यावर येते. समोरच्या मोटारी बाजूला थांबतात, दुकानांच्या पाट्या खिडकीला घासतील इतक्या जवळून जातात. कोशिगोएचा फलाट इतका आखूड की चार डब्यांची गाडी आली तर टोकाच्या एका डब्याची दारं उघडतच नाहीत. इथल्या गाण्याचं नाव 'कोशिगोए क्रायबेबी'. ११८५ मध्ये लढाया जिंकून आलेल्या मिनामोतो नो योशित्सुनेला त्याच्या भावाने, योरितोमोने, कामाकुरात पाऊल ठेवू दिलं नाही, आणि त्याने इथूनच विनवणीचं पत्र लिहिलं असं मानतात. जिथे ते लिहिलं म्हणतात, ते मानपुकुजी देऊळ स्टेशनापासून चालत जाण्यासारखं आहे. गोतोच्या मनात योशित्सुने होता असं मी म्हणत नाही. पण वेशीवर अडवलेल्या त्या धाकट्या भावाच्या देवळात बसून हे गाणं ऐकताना माझा घसा दाटून आला.

कामाकुराकोको-माएला गाडी रिकामीच झाली. बास्केटबॉलवरच्या 'स्लॅम डंक' या ॲनिमे मालिकेच्या सुरुवातीला दिसणारं रेल्वे फाटक इथलं. फोटोसाठी तैवान, कोरिया, चीनमधून माणसं येतात. फाटकापाशी येणाऱ्या उताराचं नाव निस्साका, म्हणून गाणं 'निस्साका डाउनहिल'. गर्दीला बगल देऊन आम्ही उतार वर चढलो आणि गाणं लावून खाली आलो. खाली रूळ, रुळांपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र. चाल आपोआप वाढते. ड्रम्स कशासाठी इतके पुढे धावतात ते तिथे पायांना कळतं.

शिचिरिगाहामाला वाळूवर बसून डबा खाल्ला. समोर लाटांची वाट बघत पाण्यात बसलेले सर्फर, डावीकडे इनामुरागासाकीचा सुळका. गोकुराकुजीला दरी लागते, ऊन एकदम कमी होतं, आणि या मार्गावरचा एकमेव बोगदा येतो. 'गोकुराकुजी हार्टब्रेक' मला अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं वाटत आलं आहे आणि प्रवासानंतरही मत बदललेलं नाही. हासेला गर्दी बुद्धाकडे वळली, आम्हीही वळलो. ११ मीटरहून उंच काशाची मूर्ती, पाठ किंचित वाकलेली. तिच्यापुढे कानात काही घालावंसं वाटलं नाही. युइगाहामाला 'घारींपासून खाणं सांभाळा' अशा पाट्या आहेत, आणि घारी खरंच डोक्यावर घिरट्या घालतात.

वादाझुकाला मात्र वेळ काढा. नाव वादा या सामुराई घराण्याच्या समाधीच्या टेकाडावरून आलं. १२१३ च्या बंडात हे घराणं संपलं. स्टेशनाला लागून एक जुनं घर आहे, तिथे गोड पदार्थ मिळतात, आणि त्याचं दार रुळांकडे उघडतं. रूळ ओलांडून आत जायचं. आम्ही अंको, म्हणजे लाल अझुकी दाण्यांचं गोड पुरण, घातलेलं गोड घेतलं, बाहेर आलो, फाटकाची घंटा ऐकून थांबलो, गाडी हाताच्या अंतरावरून गेली. 'वादाझुका वंडर्स' त्यानंतर ऐकलं, सलग दोनदा.

कामाकुराला उतरल्यावर बहिणीने 'कामाकुरा गुडबाय' लावायला नकार दिला. "ताई, अजून उलटं जायचंय ना? इशिगामीला कुठे उतरलो आपण?" गाडी तिथूनच परत फुजिसावाला जात होती आणि पास रात्रीपर्यंत चालत होता. आम्ही पुढच्या गाडीत चढलो.

कुणी जाणार असेल तर सुट्टीचा दिवस टाळा, अल्बमची २०२३ ची पूर्ण आवृत्ती घ्या आणि सुरुवात फुजिसावाहूनच करा, म्हणजे गाणी क्रमाने लागतात. कोशिगोएची ताजी कच्ची शिरासू, म्हणजे बोटाच्या पेराएवढे पांढरे मासे, खायची असेल तर १ जानेवारी ते १० मार्च सोडून जा. त्या काळात मासेमारी बंद असते.