अकरा महिन्यांनंतरचे अडीच महिने

दहा फेब्रुवारीच्या रात्री, अर्धं सामान खोक्यांत गेलेलं असताना, मालककाकांचा मेसेज आला. 'तुम्ही १८ ला किल्ली देताय म्हणालात, त्याप्रमाणे हिशोब केला आहे. डिपॉझिटमधले ८,१३८ रुपये ट्रान्सफर करतो.' डिपॉझिट होतं ६०,०००. मला वाटलं काकांचा एखादा आकडा लिहायचा राहिलाय.

राहिला नव्हता. आमचा डोंबिवलीतल्या फ्लॅटचा करार १ जानेवारी २०२३ ते ३० नोव्हेंबर २०२३ असा अकरा महिन्यांचा, भाडं १६,०००. नोव्हेंबरमध्ये आमच्या स्वतःच्या घराचा ताबा मिळायचा होता, तो बिल्डरने पुढे ढकलला. (त्यावर वेगळी पोस्ट होईल, पण बीपी वाढतं म्हणून लिहीत नाही.) काकांना फोन केला तर म्हणाले, "बघू की, घाई काय आहे." आम्ही ते 'राहा' असं ऐकलं. डिसेंबर आणि जानेवारीचं भाडं पाच तारखेच्या आत यूपीआयने गेलं, त्यांच्याकडून दोन्ही वेळा अंगठ्याचा इमोजी आला. नवीन करार केला नाही. एजंटला परत पैसे कशाला द्यायचे, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, हे माझंच वाक्य. नवरा आजही ते मला ऐकवतो.

काकांचं गणित असं: करार संपल्यापासून दुप्पट दर. डिसेंबर ३२,०००, जानेवारी ३२,०००, फेब्रुवारीच्या एकोणतीसपैकी अठरा दिवसांचे १९,८६२. एकूण ८३,८६२. आम्ही दिलेले ३२,००० वजा केले की उरले ५१,८६२, ते डिपॉझिटमधून कापायचे. बेरीज-वजाबाकी अगदी चोख. काका निवृत्त अकाउंटंट आहेत.

रात्री साडेअकराला खोक्यातून फाइल उपसून काढली. करार केला त्या दिवशी एजंट घरी लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला होता. सासूबाई मध्येच चहा घेऊन आल्या म्हणून माझा फोटो दोनदा काढावा लागला. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. वाचलं कुणीच नव्हतं. आता वाचलं, तर त्यात 'भाडेकरू' हा शब्दच नाही. आम्ही होतो 'लायसन्सी', म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी असलेले. आणि चौदाव्या कलमात स्पष्ट होतं की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई.

मला आधी वाटलं, ही एजंटने घुसडलेली ओळ असणार. लॅबमधल्या सहकारिणीची बहीण वकील आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, ओळ नसती तरी फरक पडला नसता, ते कायद्यातच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४. लायसन्सची मुदत संपल्यावर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) जागा परत मागू शकतो, आणि प्राधिकारी जागा खाली करून घेईपर्यंत लायसन्सी राहत राहिला, तर करारातल्या फीच्या, म्हणजे आपल्या भाषेत भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई. बरं, लेखी करारात जे नमूद आहे ते या प्रकरणात निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणजे 'काका तोंडी म्हणाले होते' हे तिथे जाऊन सांगायचं तर जरा जपूनच.

नवऱ्याने दरम्यान नेटवरून एक बचाव शोधून ठेवला होता. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ११६: मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडं घेतलं, तर घरासारख्या जागेत भाडेपट्टा (लीज) महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो, आणि मग काढायचं तर पंधरा दिवसांची नोटीस. तो एकदम खूश. वकीलबाईंनी एका वाक्यात हवा काढली: "ते लीजला. तुमचं लायसन्स आहे."

आणि इथेच मला माझ्या गिरगावच्या आत्याची आठवण झाली. तिच्या चाळीतल्या खोलीचा कागद कधी झाला आणि कधी संपला हे घरात कुणालाच माहीत नाही. महिन्याचं भाडं आमच्या एका रिक्षाप्रवासाइतकं. मालकाने मध्यंतरी भाडं घ्यायचंच बंद केलं, थकबाकी दाखवून काढता यावं म्हणून, तर आत्या मनीऑर्डर करायची आणि परत आलेल्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. त्याच १९९९ च्या कायद्यात तिच्यासारख्यांना कलम १५ आहे: थकलेल्या भाड्यासाठी दावा लावायच्या आधी मालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबायचं. लहानपणापासून ते बघत आल्यामुळे माझ्या डोक्यात भाडेकरू म्हणजे आत्या. सहज हलवता न येणारा माणूस. मी मात्र आत्या नव्हते. तिलाही लोक भाडेकरू म्हणतात, मलाही, पण तिच्या डब्यातला एकही कागद माझ्या कामाचा नव्हता.

अगदीच हात बांधलेले होते असंही नाही. काकांनी जागा सोडा म्हणून एकदाही लिहिलं नव्हतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केलेला नव्हता, आणि जुन्या दराने दोन महिने पैसे मुकाट्याने घेतले होते. वकीलबाईंच्या मते दोघांकडेही भांडायला पुरेसं होतं, आणि दोघांनीही भांडू नये. "अंगठ्याच्या इमोजीवर केस उभी करू नका," हे तिचं वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.

माझी स्वतःची चूक मात्र एक होती, आणि ती कुणावर ढकलता येत नाही. सामान ११ तारखेला टेम्पोने गेलं. फ्लॅट रिकामा, झाडून-पुसून चकाचक. पण 'डिपॉझिट खात्यात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही' हा सल्ला मला किमान चार जणांनी दिला होता, म्हणून १८ तारीख आधीच ठरवून ठेवली होती. आठवडाभर तीन किल्ल्यांचा जुडगा माझ्या पर्समध्ये, लॅबच्या आयकार्डशेजारी. त्या सात दिवसांचे दुप्पट दराने ७,७२४ रुपये होतात. त्या घरात आमचा साधा टॉवेलसुद्धा नव्हता. काकांनी १८ पर्यंत मोजलं ते मला टोचलं, पण किल्ली माझ्याकडे होती म्हणजे ताबा माझ्याकडे होता.

१८ ला त्या रिकाम्या हॉलमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर बसून तडजोड झाली. काकांना म्हटलं, नवीन करार केला असता तर तुम्ही किती वाढवलं असतं? म्हणाले, दहा टक्के. मग तेच धरू. डिसेंबर-जानेवारीची वाढ ३,२००, फेब्रुवारीच्या अठरा दिवसांचे वाढीसह १०,९२४. झाले १४,१२४. काका म्हणाले, "राउंड फिगर करा, पंधरा." वरचे ८७६ रुपये कशाचे हे मी विचारलं नाही. नवरा विचारणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. ४५,००० तिथल्या तिथे खात्यात आले, आणि मग मी एका कागदावर लिहून घेतलं: तीन किल्ल्या, मीटरचं रीडिंग, तारीख, 'ताबा मिळाला, देणं-घेणं शिल्लक नाही', खाली दोघांच्या सह्या. काका अकाउंटंट असल्यामुळे त्यांना हा प्रकार फारच आवडला. त्यांनी वेळही घालायला लावली.

आता नणंदेचा करार ३१ जुलैला संपतोय. परवा मी तिला मेसेज तयार करून दिला, फक्त पुढे पाठवायचा: 'काका, आपला करार ३१ जुलैला संपतो आहे. आम्हाला पुढे राहायचं आहे. नवीन भाडं किती ते कळवा, म्हणजे मुदतीच्या आत नोंदणी करून घेऊ. द्यायचं नसेल तर तसंही लिहून कळवा, आम्ही ३१ ला किल्ली देऊ.'

तिचं उत्तर आलं, "वहिनी, इतकं फॉर्मल कशाला? मालक ओळखीचे आहेत गं."