७५० जीईव्हीची रात्र

१५ डिसेंबर २०१५. सर्न या युरोपातल्या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सेमिनारचं थेट प्रक्षेपण बघायला आमच्या भौतिकशास्त्र विभागातली छोटी खोली गच्च भरली होती. अफवा आधीपासूनच फिरत होत्या. तिथल्या सीएमएस या डिटेक्टरचा गट आधी बोलला. टकरीतून निघणाऱ्या फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्यांच्या आलेखात ७६० जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आसपास एक उंचवटा दिसत होता. तो नव्या कणाची खूण असू शकत होता, पण दुर्लक्ष करता येईल एवढाच. मग अ‍ॅटलासचा आलेख पडद्यावर आला. ७५० पाशी, आणि चांगला ठसठशीत. दोन वेगळे डिटेक्टर, दोन वेगळे गट आणि जवळपास तीच जागा!

सावध राहायला हवं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसणं किती अवघड आहे, याचं माप; शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात. अ‍ॅटलासचा उंचवटा त्या जागेपुरता साडेतीनच्या थोडा वर होता, आणि आलेखावर इतक्या ठिकाणी शोधलं तर कुठेतरी योगायोगाने काहीतरी दिसणारच, हे धरलं की दोनच्या आसपास येत होता. पण २०१२ मध्ये हिग्ज कणही दोन फोटॉनच्या आलेखात दिसला होता. आमच्या पिढीने मानक प्रतिकृतीबाहेरचं, म्हणजे ज्ञात कणांच्या मान्य सिद्धांताबाहेरचं, काही सर्नच्या त्या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्रात पाहिलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी घरी कोण जाणार?

आम्ही तिघं फळ्यासमोर बसलो. पहिली गोष्ट चटकन सुटली: दोन फोटॉनमध्ये फुटणाऱ्या कणाचं स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, १ असू शकत नाही, म्हणजे शून्य किंवा दोन. आम्ही शून्य धरलं. मग खरी अडचण. हिग्ज दोन ग्लुऑनमधून (प्रोटॉनमधल्या क्वार्कना बांधून ठेवणारे कण) तयार होतो तो मुख्यतः टॉप क्वार्क या सर्वांत जड क्वार्कच्या लूपमधून, म्हणजे तो मध्ये क्षणभर डोकावून जातो त्यातून. इथेही टॉपच असेल? पण टॉपचं वस्तुमान १७३ जीईव्ही. ७५०चा जड कण सरळ टॉपच्या जोडीतच फुटेल, फोटॉनच्या वाट्याला जवळजवळ काही उरणार नाही. म्हणजे लूपमध्ये विद्युतभार असलेले नवेच कण हवेत, आणि तेही ७५०च्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ३७५ पेक्षा जड, नाहीतर पुन्हा तीच गत. एक कण समजावून सांगायला आणखी चार कण! अशा वेळी मी जरा अस्वस्थ होतो; सिद्धांताने इतकं उधार घेऊ नये.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. आधीच्या ८ टीईव्हीच्या (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) टकरींत हा कण का दिसला नाही? १३ टीईव्हीला गेल्यावर ग्लुऑनमधून होणारी निर्मिती सुमारे पावणेपाचपट वाढते, हलक्या क्वार्कमधून होणारी बरीच कमी. म्हणजे ग्लुऑन धरले तर जुनी आणि नवी मोजमापं एकमेकांशी कशीबशी जुळत होती. तो आकडा मी रात्री दोनदा काढला, कारण पहिल्यांदा तो फारच सोयीचा वाटला.

पहाटेपर्यंत आर्काइव्हवर, म्हणजे छापून येण्याआधीच पेपर टाकायच्या संकेतस्थळावर, दुसऱ्यांचे पेपर येऊन पडले होते. घाईला बाहेरचे लोक हसतात, पण पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नोकरीवर असलेल्या संशोधकाचा, डिसेंबर त्यांनी पाहिलेला नसतो. अर्ज गेलेले असतात, ऑफर कुठूनही येऊ शकते, आणि स्वीकारायची सर्वमान्य तारीख होती ७ जानेवारी. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधणाऱ्या माणसाला आपलं नाव त्या आठवड्यात कुणाच्या तरी डोळ्यांसमोर यावं असं वाटणारच. पेपर आम्ही काही दिवसांनी टाकला, जोडलेल्या आलेखांसह.

५ ऑगस्ट २०१६ ला शिकागोच्या परिषदेत नवी माहिती जाहीर झाली. ती आधीपेक्षा कितीतरी पट जास्त होती आणि ७५० पाशी काहीच नव्हतं. नव्या कणांवर घातलेल्या आमच्या अटी गणित म्हणून बरोबरच होत्या. निसर्गाला त्यांची गरज नव्हती. तोवर या उंचवट्यावर पाचशेच्या आसपास पेपर लिहून झाले होते. नसलेल्या कणावर पाचशे पेपर, हा विनोद परिषदांमध्ये अजून ऐकू येतो. सांगणाऱ्याचं नाव शोधून पाहा, बहुतेक वेळा त्या पाचशेत सापडतं.