पाल्माच्या कॅथेड्रलमधली मातीची भिंत

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहराचे कॅथेड्रल समुद्राकडे तोंड करून, जुन्या तटबंदीला लागून उभे आहे. तेराव्या शतकात सुरू झालेले त्याचे बांधकाम १६०१ साली पूर्ण झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध वास्तुकार गाउदीनेही त्याच्या अंतर्भागात बरेच बदल केले. अशा वास्तूत हयात कलाकाराला हात घालू देणे हे धाडसच होते. ते केले गेले, म्हणून चित्रकार मिकेल बार्सेलोचे मला सर्वांत श्रेष्ठ वाटणारे मातीकाम आज तिथे पाहायला मिळते.

बार्सेलो याच बेटावरच्या फेलानिच गावचा. जन्म १९५७ चा. कॅथेड्रलच्या उजव्या बाजूच्या सेंट पीटर चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, भिंती त्याने भाजलेल्या मातीने मढवल्या. हा सारा पृष्ठभाग सुमारे ३०० चौरस मीटरचा आहे आणि २००७ च्या फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन झाले. विषय बायबलमधला, म्हणजे पाच भाकरी आणि दोन मासे यांतून हजारो लोक जेवले तो चमत्कार. मात्र बार्सेलोचे मासे ग्रंथातून आलेले नाहीत, ते भूमध्य समुद्रातले आहेत. डावीकडची भिंत म्हणजे उसळती लाट. तिच्यातून मासे आणि आठ पायांचे ऑक्टोपस बाहेर झेपावतात. उजवीकडे भाकरी आणि फळे आहेत, तर मधोमध ख्रिस्ताची फिकट आकृती आहे, जी त्याने स्वतःच्या शरीराच्या मापावरून घडवली.

मी स्वतः मातीत काम करते, त्यामुळे माझी नजर आधी कृतीकडे जाते. नेपल्सच्या दक्षिणेला असलेल्या व्हिएत्री सुल मारे या कुंभारकामासाठी प्रसिद्ध गावात हे काम घडले. ओल्या मातीच्या प्रचंड थरावर बार्सेलोने मागच्या बाजूने मुठींनी ठोसे मारले, आणि त्या ठोशांनीच पुढच्या बाजूला माशांची पोटे व फळांचे फुगवटे उठले. एखादा मासा भिंतीवर चिकटवलेला न वाटता आतून धडका देत असल्यासारखा का दिसतो, याचे उत्तर इथे आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते आणि जाड-पातळ थर एकसारखे आकसले नाहीत की तडा जातो. आम्ही सारे हा तडा टाळण्यासाठी धडपडतो. बार्सेलोने मात्र उन्हाळ्यातल्या शेताला पडतात तशा लांबच लांब भेगा भिंतभर उघड्या ठेवल्या. शतकानुशतके झिजत आलेल्या दगडाशेजारी गुळगुळीत, चकचकीत फरशी परकी दिसली असती. ही भेगाळलेली भिंत त्या दगडाच्या शेजारी शोभते. गॉथिक कमानींची नक्कल न करताही तिने वारशाशी नाते जोडले आहे, आणि मला हेच फार मोलाचे वाटते.

हा धीर त्याला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात मिळाला असावा. १९९० च्या दशकात तिथल्या डोगोन लोकांच्या प्रदेशात राहत असताना वारा आणि धूळ यांमुळे रंगकाम अशक्य झाले, तेव्हा तो तिथल्या पद्धतीच्या मातीकामाकडे वळला होता.

चॅपेलच्या पाच उंच खिडक्याही त्याच्याच आहेत. त्यांच्या करड्या, गडद काचांतून येणारा उजेड खोल पाण्यातल्यासारखा असतो. काहींना तो उदास वाटतो. माझे मत असे, की त्या उजेडाने समुद्राची बाजू जिवंत होते, पण भाकरी-फळांची बाजू थोडी दबते, आणि तिथली भाजलेल्या मातीची ऊब दिसायला अधिक लख्ख प्रकाश हवा होता.